माळरानाच्या सायकलला उताराची भूमिती कशासाठी?

मूळ मत (जुळे सोलापूर; लेखक येथे सोलापुरातल्या आपापल्या भागाच्या नावाने लिहितात)

१०० ते १२० मिलिमीटर ट्रॅव्हलची (सस्पेन्शन तेवढे दबू शकेल अशी) माउंटन बाइक घ्यायला निघालेला माणूस आजकाल पहिला प्रश्न विचारतो तो हेड अँगलचा, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरते ती हेड ट्यूब जमिनीशी करते त्या कोनाचा. आकडा जितका लहान तितका तो कोन कललेला. उत्तर ६६ किंवा ६७ अंश आले तर सायकल आधुनिक आणि ७० आले तर जुनाट, असा निकाल उभ्या उभ्या लागतो. हा निकाल सह्याद्रीच्या उतारांसाठी योग्य असेलही. सोलापूरच्या भोवतालच्या जमिनीला तो लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपली जमीन कशी आहे ते आधी पाहू. हिप्परग्याच्या तलावापलीकडचे माळ, मुरमाच्या गाडीवाटा, कालव्याच्या कडेचे कच्चे रस्ते आणि काळ्या मातीत पावसाळ्यात पडून नंतर वाळून टणक झालेल्या चाकोऱ्या. सलग म्हणावा असा उतार हवा असेल तर तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाच्या कडेपर्यंत जावे लागते. म्हणजे बहुतेक वेळ आपण सीटवर बसून, मध्यम वेगाने, सपाटीवरच पेडल मारत असतो.

हेड ट्यूबचा अक्ष पुढे वाढवला तर तो जमिनीला जेथे मिळेल, त्या बिंदूपासून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल. २९ इंची चाकाची टायरसह त्रिज्या ३७१ मिलिमीटर धरली, तर ७० अंशांचा कोन आणि ५१ मिलिमीटर ऑफसेटचा (चाकाचा आस हेड ट्यूबच्या अक्षाच्या तेवढा पुढे धरणारा) फोर्क असलेल्या सायकलचा ट्रेल सुमारे ८१ मिलिमीटर येतो, तर ६७ अंश आणि ४४ मिलिमीटर ऑफसेटला तोच सुमारे ११० होतो. वेगात हा वाढीव ट्रेल चाक सरळ धरून ठेवतो, हे मान्य. परंतु सावकाश चालताना हँडल थोडे वळले, की सायकलचे नाक खाली झुकते आणि चाक त्याच बाजूला आणखी पडू पाहते. बाभळी चुकवत जाणाऱ्या अरुंद पायवाटेवर हा पुढचा भाग सतत सावरत बसावा लागतो.

दुसरी गोष्ट वजनाची. कोन कलला की पुढचे चाक लांब जाते, पण चेनस्टे (पेडलांच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर) मात्र ४३५ मिलिमीटरच्या आसपासच राहतो. सगळे वजन पेडलांवर आहे असे धरले, तर ११०० मिलिमीटर व्हीलबेसच्या (दोन्ही चाकांच्या आसांमधल्या अंतराच्या) सायकलवर स्वाराच्या वजनाचा सुमारे ३९ टक्के भाग पुढच्या चाकावर येतो आणि ११८० च्या सायकलवर तो ३७ टक्क्यांच्या खाली जातो. सपाटीवरच्या मुरमाच्या वळणात पुढचे चाक निसटते ते नेमके या कमी झालेल्या भारामुळे. उतारावर गुरुत्वाकर्षण भार पुढे आणून देते. माळावर ती मदत मिळत नाही.

प्रतिसाद (होटगी रोड)

आपले आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, कारण आपण संपूर्ण रचनेतला एकच आकडा उचलून त्याच्यावर खटला चालवला आहे.

कललेला हेड अँगल एकटा आलेला नाही. १९९८ मध्ये अमेरिकी सायकल-निर्माते गॅरी फिशर यांच्या सायकलींवर जेनेसिस भूमिती (फ्रेमच्या मापांची मांडणी) आली, तिचे सूत्र टॉप ट्यूब (फ्रेमची वरची नळी) लांब आणि स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आखूड असे होते. पुढे २०१२ च्या सुमारास मोंड्रेकर या स्पॅनिश कंपनीने हाच विचार टोकाला नेला. एकूणच रीच (पेडलांच्या आसापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर) वाढला, १०० मिलिमीटरचे स्टेम ५० ते ६० वर आले आणि हँडल ७४०-७६० मिलिमीटरपर्यंत रुंद झाले. रुंद हँडलाची तरफ हाताशी असताना ११० मिलिमीटरचा ट्रेल जड वाटत नाही. तो जड वाटतो जुन्या, अरुंद हँडलावर, आणि आज ६७ अंशांची सायकल कोणी तसल्या हँडलासह विकत नाही.

वजनाचा हिशेबही अपुरा आहे. स्वार म्हणजे पेडलांवर ठेवलेले पोते नव्हे. कोपर वाकवून छाती थोडी पुढे नेली, की ते दोन टक्के भरून निघतात. आधुनिक फ्रेमवर बसायची पद्धत बदलावी लागते. ती न बदलता फ्रेमला दोष देणे योग्य नाही.

आणि ब्रेकचे काय? हार्डटेलचा (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलचा) फोर्क दर २० मिलिमीटर दबला की हेड अँगल साधारण एका अंशाने उभा होतो. वाळलेल्या चाकोरीच्या काठावर पुढचा ब्रेक दाबला आणि फोर्क ८० मिलिमीटर खाली गेला, तर आपले ७० अंश त्या क्षणी ७४ होतात. नाकावर पडण्यासाठी याहून सोयीची मांडणी शोधून सापडणार नाही. ६७ चे ७१ झाले तर निदान सावरायला वाव उरतो. आपल्याकडे मोठे उतार नाहीत, पण ओढ्यांचे काठ आणि बांध आहेतच, आणि ते कोणत्याही सूचनेशिवाय समोर येतात.

प्रतिसाद (अशोक चौक)

आपण दोघेही पुढच्या चाकापाशीच अडकला आहात. सोलापुरात ज्या आकड्याने माणूस खरोखर हैराण होतो तो सीट ट्यूबचा (सीट धरणाऱ्या नळीचा) कोन आहे, आणि त्याची चौकशी कोणी करत नाही.

हा कोन पूर्वी ७३ अंशांच्या आसपास असे. नव्या सायकलींवर तो ७५-७६ वर गेला आहे. त्यामागचे कारण चढ हे आहे. दहा टक्क्यांच्या चढावर सायकल सुमारे ५.७ अंशांनी मागे कलते, त्यामुळे ७६ अंशांची सीट तेथे जेमतेम ७० अंशांची होते आणि स्वार मागच्या चाकावर ढकलला जात नाही, पुढचे चाकही उचलले जात नाही. रचनाकाराने तो कोन त्या चढासाठीच निवडलेला आहे. आपल्या माळावर चढ नाही, म्हणून ७६ चे ७६ पूर्णपणे वाट्याला येतात. नितंब बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलांच्या आसाच्या) जवळजवळ वर येतात, धड पुढे कलते आणि जो भार पायांनी पेलायचा तो तळहातांवर येतो. त्यात मुरमाच्या रस्त्याचा बारीक थरथराट चालूच असतो. काही वेळाने बोटे बधिर होतात आणि लोक हातमोजे बदलतात, ग्रिप बदलतात, फोर्कची हवा कमी करतात. मूळ कारण मात्र सीटखाली असते.

तेव्हा जुळे सोलापूरचे मत मला अर्धे मान्य आहे. ही भूमिती आपल्या जमिनीसाठी बेतलेली नाही, एवढे खरे. पण आरोपी त्यांनी चुकीचा पकडला आहे.

प्रतिसाद (होटगी रोड)

सीटचा कोन हा फ्रेममधला सर्वांत सहज बदलता येणारा आकडा आहे. सीटपासून पेडलांपर्यंतची उंची ७०० मिलिमीटर धरली, तर सीट रेलवर १० मिलिमीटर मागे सरकवल्याने कोनात सुमारे ०.८ अंशाचा फरक पडतो आणि २५ मिलिमीटर सेटबॅकचा (सीट तेवढी मागे धरणारा) सीटपोस्ट लावला तर दोन अंशांचा. स्टेमखाली एक-दोन स्पेसर (कड्या) वाढवून हँडल वर घेतले की तळहातांवरचा भारही कमी होतो. सीटपोस्टच्या खर्चात जे काम होते त्यासाठी अख्खी फ्रेम नाकारायची गरज नाही.

प्रतिसाद (अशोक चौक)

कागदावर हे ठीक आहे. परंतु आज या सायकलींवर ड्रॉपर पोस्ट (चालता चालता सीट खाली-वर करता येणारा सीटपोस्ट) येतो आणि बहुतेक ड्रॉपरना सेटबॅक नसतो. तो काढून साधा सेटबॅक पोस्ट लावायचा म्हणजे ज्या सोयीसाठी पैसे मोजले तीच सोडून द्यायची. शिवाय सीट २५ मिलिमीटर मागे गेली की बसलेल्या स्थितीत हँडल तेवढेच दूर जाते. लांब रीचच्या फ्रेमवर ते आधीच दूर आहे आणि स्टेम ५० मिलिमीटरचे असल्याने आखूड करायला फारसा वाव नाही. स्पेसर वाढवले तर पुढच्या चाकावरचा भार आणखी घटतो, म्हणजे मुरमाच्या वळणातली मूळ तक्रार परत येते.

प्रतिसाद (बाळीवेस)

या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे, ती म्हणजे कंपनीच्या तक्त्यातले आकडे चालत्या सायकलचे असतात. ते तसे नसतात. सायकलवर कोणी बसलेले नसताना मोजलेले असतात. स्वार बसल्यावर काय होते ते हार्डटेल आणि फुल सस्पेन्शन यांत वेगळे आहे, आणि आपल्या चाकोऱ्यांमध्ये तो फरक फार जाणवतो.

१२० मिलिमीटरचा फोर्क स्वाराच्या वजनाने पाव भाग, म्हणजे ३० मिलिमीटर दबतो असे धरू. हार्डटेलचे कोन त्याने सुमारे दीड अंशाने उभे होतात. म्हणजे तक्त्यातले ६७ प्रत्यक्षात ६८.५ आणि सीटचे ७५ प्रत्यक्षात ७६.५ होतात. अशोक चौक यांच्या तक्रारीला येथे पुष्टीच मिळते. बॉटम ब्रॅकेट मात्र जेमतेम १० मिलिमीटर खाली येतो. फुल सस्पेन्शनमध्ये मागची बाजूही तितकीच दबते, त्यामुळे कोन जवळजवळ तक्त्याप्रमाणे राहतात, पण बॉटम ब्रॅकेट ३० मिलिमीटरच्या आसपास खाली बसतो.

आता ३३५ मिलिमीटर उंचीच्या बॉटम ब्रॅकेटमधून १७५ चा क्रँक (पेडल जोडलेला दांडा) वजा करा, पेडलची निम्मी जाडी वजा करा. उरतात सुमारे १५० मिलिमीटर. हार्डटेलवर त्यांतले १४० हाती राहतात, फुल सस्पेन्शनवर १२०. ट्रॅक्टरच्या चाकोरीत शिरल्यावर दोन्ही बाजूंच्या वरंब्यांना पेडल लागते की नाही, हे या २० मिलिमीटरवर ठरते. उतारावर पेडल स्थिर ठेवून जाता येते म्हणून तेथे खोल बॉटम ब्रॅकेट परवडतो, वळणात तो स्थैर्यही देतो. सपाटीवर पाय थांबले की सायकल थांबते. १७० किंवा १६५ चा क्रँक लावणे हा त्यावरचा साधा उपाय आहे आणि त्यासाठी हेड अँगलवर भांडण्याची गरज नाही.

मूळ लेखकाचे उत्तर (जुळे सोलापूर)

ब्रेकच्या मुद्द्याला उत्तर देतो. फोर्क ८० मिलिमीटर दबतो तो स्प्रिंग मऊ असल्यामुळे किंवा डॅम्पिंग (दबण्याचा वेग रोखणारा विरोध) कमी असल्यामुळे. हवेचा दाब नीट भरला तर ती डुबकी बरीच आटोक्यात येते. फोर्कची ढिलाई झाकण्यासाठी कोन कलवायचा आणि त्याची किंमत दिवसभर सपाट वाटेवर मोजायची, हा व्यवहार मला आतबट्ट्याचा वाटतो.

सीटचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे. कललेला हेड अँगल एकटा येत नाही, असे होटगी रोड यांनीच सांगितले, आणि लांब रीचप्रमाणे उभी सीटही त्याच विचाराचे अंग आहे. मग ती संपूर्ण रचनाच आपल्या जमिनीसाठी नाही, एवढेच मी म्हणतो आहे. नवी फ्रेम ६७ अंशांचीच मिळत असेल तर निदान ५१ मिलिमीटर ऑफसेटचा फोर्क मागावा. ऑफसेटमधले ७ मिलिमीटर ट्रेलमध्ये जवळजवळ एका अंशाइतका फरक पाडतात.

प्रतिसाद (होटगी रोड)

ट्रेलमध्ये पाडतात, भारात तेवढा नाही. हेड अँगल एक अंशाने उभा केला तर पुढचे चाक सुमारे १२ मिलिमीटर जवळ येते, ऑफसेट वाढवल्याने मात्र ते उलट ७ मिलिमीटर पुढेच सरकते. हँडल हलके होईल, पण मुरमात निसटणारे चाक अधिकच हलके होईल. आपली मूळ तक्रार जर भाराची असेल तर औषध मागच्या बाजूला आहे. ११८० च्या व्हीलबेसमध्ये चेनस्टे १० मिलिमीटरने वाढवला की पुढच्या चाकावरचा भार सुमारे अर्ध्या टक्क्याने वाढतो, म्हणजे हेड अँगल एक अंशाने उभा करून मिळतो त्याहून किंचित जास्तच, आणि स्थैर्य घटत नाही.

अनेक कंपन्या लहान मापापासून एक्स्ट्रा लार्जपर्यंत एकच चेनस्टे देतात. रीच मापागणिक वाढतो आणि मागचे अंतर तेवढेच राहते, म्हणून उंच स्वाराला पुढचा भाग बुटक्या स्वारापेक्षा जास्त हलका मिळतो. आपल्यापैकी ज्यांना मोठे माप लागते त्यांनी मापागणिक चेनस्टे बदलणाऱ्या फ्रेम पाहाव्यात. तेथे ६७ अंशांविषयीची बरीचशी तक्रार उरणार नाही.