पाळी जाताना येणाऱ्या गरम वाफा, तुटलेली झोप आणि जास्तीचं अंगावरून जाणं : नेमकं काय करावं?

अबोली
वय ४७. वर्षभरापासून पाळीचा ताळमेळ राहिलेला नाही, कधी वीस दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी येते. आली की पहिले दोन दिवस फार जातं, गाठीही पडतात. दिवसातून कितीतरी वेळा छातीतून वर वाफ चढते, तोंड लाल होतं आणि ब्लाउज भिजतो. पहाटे अडीच-तीनला जाग येते ती येतेच. सकाळच्या लोकलमध्ये तर जीव नकोसा होतो. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे.

विचारायचं एवढंच : हे पाळी जाण्याचंच आहे हे कोणत्या तपासणीने कळतं? हॉर्मोनच्या औषधाने कॅन्सर होतो म्हणतात, त्यात किती तथ्य? आणि "पिशवीच काढून टाका" हा सल्ला कधी मानावा?

रातराणी
पंचेचाळिशीनंतर पाळीचा घोळ आणि वाफा दोन्ही असतील तर निदान लक्षणांवरूनच होतं. एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं हॉर्मोन) तपासायला सांगितलं तर का, ते विचारा. या काळात तो आकडा सतत वरखाली होत असतो, त्यामुळे आज नॉर्मल आला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबत असेल तेव्हा मात्र ती तपासणी लागतेच. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं.

तुम्हाला खरोखर उपयोगी तपासण्या म्हणजे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त पडत असेल तरी धडधड, घाम आणि झोपमोड हेच सगळं होतं. ते आधी निस्तरलं नाही तर बाकीचे उपाय वाया जातात. सोबत सोनोग्राफी, साखर आणि रक्तदाब.

आणखी एक गोष्ट, आपल्या मुंबईत ही विसरून चालणार नाही. रात्री घाम येतोय आणि जोडीला संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन किंवा दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर त्याला पाळीच्या खात्यात टाकू नका. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची टीबीची तपासणी आधी करून घ्या, पालिकेच्या दवाखान्यात ती होते.

परळ_ओपीडी
कॅन्सरच्या भीतीबद्दल सविस्तर लिहिते, कारण या भीतीपोटी बायका वर्षानुवर्षं विनाकारण सोसतात.

ही भीती पसरली २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासामुळे. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. औषध होतं घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन (पाळी जाताना घटणारं स्त्री-हॉर्मोन) आणि जोडीला जुन्या पद्धतीचं कृत्रिम प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध). दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे ३० ऐवजी ३८ रुग्ण दिसले. म्हणजे धोका शून्य नाही, पण घरोघरी सांगतात तेवढा मोठाही नाही. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर त्रास असलेल्या बहुतेक निरोगी बायकांमध्ये फायद्याचं पारडं जड राहतं.

ज्यांना ते देत नाहीत त्या अशा : स्तनाचा कॅन्सर झालेल्या, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या, हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या, यकृताचा आजार चालू असलेल्या, आणि अंगावरून जाण्याचं कारण अजून सापडलेलं नाही अशा. अबोलीताई, शेवटच्या ओळीत आज तुम्ही बसता. त्यामुळे आधी रक्तस्रावाचा छडा, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), मग औषध.

गर्भाशय जागेवर असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीही घ्यायचं नाही. त्याने आतलं अस्तर वाढत जातं आणि पुढे तिथेच कॅन्सरचा धोका निर्माण होतो. सोबत अस्तर आवरणारं दुसरं हॉर्मोन, प्रोजेस्टेरॉन, हवंच. पाळी अजून येत असेल तर साधारणपणे २०० मिलिग्रॅम, महिन्यातल्या बारा ते चौदा रात्री. त्याने झोप येते, म्हणून ते झोपतानाच घ्यायचं.

इस्ट्रोजेन गोळीपेक्षा जेलमधून घेणं तुमच्यासाठी बरं. गोळी आधी यकृतातून जाते, त्यामुळे गुठळीचा धोका वाढतो. शिवाय गोळीमुळे थायरॉइडच्या औषधाची गरज वाढू शकते, मग दोन-तीन महिन्यांत टीएसएच पुन्हा बघावं लागतं. जेलला या दोन्ही अडचणी नाहीत.

जेल लावताना चूक होते ती अशी : आंघोळीनंतर अंग नीट कोरडं न करता घाईत चोपडायचं आणि लगेच कपडे घालायचे. आपल्या दमट हवेत ते वाळतच नाही, निम्मं कपड्याला पुसलं जातं, आणि मग "औषध लागू पडत नाही" अशी तक्रार येते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर पातळ पसरा, चोळत बसू नका, पंख्याखाली पाच मिनिटं वाळू द्या, तासभर पाणी लावू नका. त्या जागी पावडर किंवा मलम नको. स्तनांवर लावायचं नाही. हात साबणाने धुवा आणि लहान मूल त्या जागेला बिलगणार नाही एवढं बघा. फरक पडायला काही आठवडे जातात, दोन आठवड्यांत सोडून देऊ नका.

हॉर्मोन चालत नसेल तर वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन (एरवी नैराश्यावर देतात) कमी मात्रेत किंवा रात्री गाबापेन्टिन, दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. व्हेन्लाफॅक्सिन एकदम बंद करू नये, चक्कर आणि मळमळ होते. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर वाफांवरचं पॅरॉक्सेटिन हे औषध टाळतात, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होतो.

सोनटक्का
लोकलबद्दल. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र इस्ट्रोजेन घटल्यावर हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते सगळी उष्णता एकदम बाहेर फेकतं, तीच वाफ. म्हणून ते "जरासं तापणं" टाळायचं. घरातून निघताना उकळता चहा घेऊन धावत स्टेशन गाठलं की डब्यात चढल्याबरोबर वाफ येणारच. चहा अर्धा तास आधी, कोमट घ्या. जिना सावकाश चढा, हवं तर पुढची गाडी धरा. बॅग पोटाशी कवटाळून उभं राहिलं की छाती तापते, ती रॅकवर टाका. दाराशी वारा लागतो म्हणून लटकू नका, चक्कर आली तर जीवावर बेतेल. आत पंख्याखाली उभ्या राहा. ओला केलेला सुती रुमाल मानेच्या मागे आणि मनगटांवर दाबा. घामट हवेत घाम सुकत नाही, म्हणून तो टिपत राहायचा. परवडत असेल तर गर्दीच्या वेळेसाठी एसी लोकलचा पास काढा, ही चैन नाही.

रात्री जेवण आठच्या आसपास, तिखट कमी. सिंथेटिक गाऊन काढून टाका, मलमलचा किंवा जुन्या सुती साडीचा वापरा. नवऱ्याबरोबर एकच पांघरूण घेऊ नका. जाग आली की मोबाइल उघडू नका, घड्याळही बघू नका. झोपेचं हे वळण मोडायला निद्रानाशासाठीची सीबीटी (विचार आणि सवयी बदलणारी, बिनऔषधाची उपचारपद्धत) खरंच उपयोगी पडते. सोयाबीनने काहींना थोडा फरक पडतो. पण ब्लॅक कोहॉश या वनस्पतीच्या कॅप्सूल मनाने घेऊ नका, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

अबोली
खूप आभार. जेलचं टिपून ठेवलं. पिशवीचं कोणीतरी सांगा ना, सोनोग्राफीत लहान फायब्रॉइड आहे म्हणाले.

परळ_ओपीडी
लहान फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी, कॅन्सर नसलेली गाठ) हे पिशवी काढायचं कारण नव्हे. पाळी गेल्यावर ते बहुतेक वेळा आपोआप आक्रसतात. वय ४५ च्या वर आणि स्राव अनियमित, म्हणून अस्तराचा तुकडा तपासून घ्या. बारीक नळीने ओपीडीतच होतं, पाच-दहा मिनिटांचं काम, कळ येते पण सोसवते. रिपोर्ट चांगला आला तर पाळीच्या दिवसांपुरतं रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड, किंवा कॉपर-टीसारखं गर्भाशयात बसवायचं, पण हॉर्मोन सोडणारं साधन (साधी कॉपर-टी नव्हे). मला तुमच्यासाठी दुसरा पर्याय जास्त पटतो : रक्तस्राव आटोक्यात, वर जेल घेतलं तर अस्तराचं रक्षणही त्यातूनच, आणि गर्भनिरोधनही. हो, पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं दिवस राहू शकतात असं धरून चाला. जेल-प्रोजेस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही.

पिशवी काढायची ती तुकड्यात कॅन्सर किंवा त्याआधीचे बदल सापडले, किंवा औषध आणि साधन दोन्ही करून हिमोग्लोबिन घसरतच राहिलं तर. तेव्हाही "सोबत अंडाशयंही काढू" याला कारण विचारल्याशिवाय सही करू नका. तुमच्या वयात निरोगी अंडाशयं काढली की पाळी एका रात्रीत जाते, वाफा दुप्पट जोराने येतात आणि हाडं लवकर झिजतात. दुसरं मत घ्यायला केईएम, सायन, नायर किंवा कामा, कुठल्याही स्त्रीरोग ओपीडीत सकाळी जुने रिपोर्ट घेऊन जा.

तासाला एक पॅड भिजतंय, असं सलग दोन तास चाललं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बारा महिने पाळी बंद राहून नंतर एक डाग जरी दिसला तरी तपासणी टाळायची नाही.

रातराणी
थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणून हाडांचंही सांगते. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या दोन भाकऱ्या, म्हणजे साधारण १०० ग्रॅम पीठ, यातून साडेतीनशेच्या आसपास. पेलाभर दुधातून अडीचशे, वाटीभर दह्यातून दोनशेच्या जवळ. उरलेल्यासाठी एक गोळी पुरते. पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी खरं कॅल्शियम त्यात ५०० च असतं. ती गोळी दुपारच्या जेवणासोबत घ्या. सकाळच्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर हवं, लोहाच्या गोळीपासूनही दोन तास. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, आणि तीही पातळी कमी आली तरच.