मदत हवी आहे: बाबांचं ऑपरेशन रोबोटिक की दुर्बिणीतून?

बाबा ७१ वर्षांचे, रेक्टमचा (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) कॅन्सर, गाठ गुदद्वारापासून ५ सेंमीवर. २५ रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या झाल्या, गाठ बरीच आटलीये, आता ऑपरेशन. एक सर्जन म्हणतात रोबोटिकच करा, पुरुषांचा पेल्विस (कमरेच्या हाडांमधली जागा) अरुंद असतो, तिथे रोबोटची हत्यारं मनगटासारखी वळतात, दुसरे म्हणतात साधी लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून, पुरे, आणि खर्चात दीड लाखाचा फरक आहे हो! २०१७ च्या रोलार ट्रायलबद्दल वाचलं, त्यात या दोन्ही पद्धतींची तुलना होती, ४७१ पेशंट होते, मध्येच पोट उघडून ऑपरेशन करावं लागण्यात ठोस फरक नाही दिसला, मग पैसे कशाला घालवायचे असं वाटतं.
बाबांना एकच धास्ती, पोटावरची शौचाची पिशवी. धोतर कुठे बांधू, विचारतात.
कुणाच्या घरी झालंय का हे? पिशवी किती महिन्यांनी निघाली, नंतर लघवीचा त्रास झाला का? सर्जनला नक्की काय विचारू?