१३.५६ मेगाहर्ट्झ इम्प्लांट लिंक: कॉइल जवळ नेली की डेटा गायब, लांब नेली की पॉवर

ओली_तार:
शरीरात बसवायच्या यंत्राला (इम्प्लांट) बाहेरून बिनतारी पॉवर द्यायची आणि त्याच कॉइलमधून डेटा परत घ्यायचा, त्याचा टेबलावरचा सेटअप आहे. प्रायमरी (बाहेरची, पॉवर देणारी) सपाट कॉइल, सरासरी त्रिज्या १५ मिमी. सेकंडरी (इम्प्लांटमधली) ७ वेढे, बाहेरचा व्यास २१ मिमी, १.५ मायक्रोहेन्री, समांतर ९२ पिकोफॅरड. पुढे फुल ब्रिज (एसीचं डीसी करणारा), १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, ६.२ व्होल्टचा झीनर (व्होल्टेज त्यावर चढू न देणारा डायोड) आणि ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर. लोड ६ मिलिअँपिअर. परतीचा डेटा ५ किलोबिट, मँचेस्टर (प्रत्येक बिटच्या मध्यावर पातळी बदलणारं कोडिंग): ब्रिजच्या पुढे मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच) ३.३ किलोओहम जोडतो-सोडतो, प्रायमरीवर पीक डिटेक्टर (सिग्नलची उंची मोजणारा).

१० मिमीवर सगळं छान, ब्रिजनंतर ५.५ व्होल्ट. ५ मिमीवर पॉवर भरपूर, डेटा शून्य. १८ मिमीवर ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात रेग्युलेटर मान टाकतो. पाणी पॉवर खातंय का?

मायक्रोहेन्री:
आधी जवळचं बघू. झीनरच्या मालिकेत १०० ओहम घालून त्यावरचं व्होल्टेज मोजा. १० मिमीवर जवळपास शून्य दिसेल, ५ मिमीवर नाही.

कारण असं की झीनर चालू असताना व्होल्टेज बांधलेलं असतं. तुमचा ३.३ किलोओहम १.९ मिलिअँपिअर ओढतो, झीनर तेवढाच करंट सोडून देतो. कॉइलला एकूण लोड तोच दिसतो, मग प्रायमरीला कळणार काय? बिट पाठवला तरी झीनर तो गिळून टाकतो.

सॉल्टब्रिज:
माझ्या मते पाण्यामुळे ट्यूनिंग (कॉइल आणि कपॅसिटरची अनुनाद फ्रीक्वेन्सी) सरकतंय. वेढ्यांमधली कपॅसिटन्स पाण्यात वाढते. ६ पिकोफॅरड वाढले तरी १३.५६ चं १३.१४ होतं. सेकंडरी पाण्यात बुडवूनच ट्यून करा.

मायक्रोहेन्री:
गणित बरोबर, पण इथे लागू नाही. ६ मिलिअँपिअरच्या लोडने सेकंडरीचा क्यू (अनुनाद किती टोकदार आहे त्याचं माप) ४-५ वर येतो, म्हणजे बँडविड्थ तीन मेगाहर्ट्झ. ०.४ सरकल्याने फारसं बिघडत नाही. लोड मायक्रोअँपिअरमध्ये असता तर हेच पहिलं कारण ठरलं असतं. प्रायमरीचं वेगळं, तिचा क्यू मोठा असतो. ती मिठाच्या पाण्याच्या खोक्याला टेकवूनच ट्यून करा.

पाणी पॉवर खात नाही म्हटलं तरी चालेल. ०.९ टक्के द्रावणाची वाहकता सुमारे १.५ सीमेन्स प्रति मीटर, तिथे स्किन डेप्थ (लहर किती खोल शिरते ते अंतर) ११ सेंटीमीटर. तुमचं अंतर दोन सेंटीमीटरही नाही. शिवाय या फ्रीक्वेन्सीला स्नायूची वाहकता ०.६ च्या आसपास असते. स्नायूसारखं पाणी हवं तर ०.३ टक्के मीठ पुरे.

१८ मिमीला मार खातंय ते नुसत्या भूमितीमुळे. कपलिंग (दोन कॉइलमधली चुंबकीय जोड) ढोबळमानाने (त्रिज्येचा वर्ग + अंतराचा वर्ग) याच्या दीड घाताने घटतं. १५ मिमी त्रिज्येला १० वरून १८ मिमीवर गेलात की ते निम्म्याखाली येतं. हवेत १८ मिमी ठेवून बघा, तिथेही असंच होईल.

ओली_तार:
मोजलं. ५ मिमीवर १०० ओहमवर ३०० मिलिव्होल्ट, १० मिमीवर काही नाही. हवेतही १८ मिमीला तेच. आता काय बदलू?

मायक्रोहेन्री:
दोन गोष्टी. प्रायमरीची सरासरी त्रिज्या २५ मिमी करा. आत्ता ५ मिमी आणि १८ मिमीच्या कपलिंगमध्ये सव्वातीन पट फरक आहे, तो पावणेदोन पटीवर येईल. ड्राइव्ह वाढवावा लागेल, पण जवळ आल्यावरचा पूर आटोक्यात राहील.

दुसरं, मॉड्युलेशन (डेटासाठी लोड बदलणं) ब्रिजच्या अलीकडे आणा. कॉइलच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला एकेक एन-मॉसफेट लावून दोन्ही एकदम चालू करा. कॉइल शॉर्ट होते, झीनर मध्ये पडूच शकत नाही. मात्र तेवढा वेळ सर्किट कपॅसिटरवर जगतं, आणि १० नॅनोफॅरडवर १० मायक्रोसेकंदांत ६ व्होल्ट उतरतील, म्हणजे संपलंच. १ मायक्रोफॅरड लावा, उतार ६० मिलिव्होल्ट. मँचेस्टर सोडा, त्यात अर्धा वेळ कॉइल शॉर्ट राहील. २०० मायक्रोसेकंदांच्या बिटमध्ये १० मायक्रोसेकंदांची एकच पल्स, पहिल्या अर्ध्यात शून्य, दुसऱ्यात एक.

सॉल्टब्रिज:
यात एक खड्डा आहे. शॉर्ट केल्यावर प्रायमरीचं इंडक्टन्सही बदलतं. एखाद्या अंतरावर आयाम तसाच राहतो, बदल फक्त फेजमध्ये होतो आणि पीक डिटेक्टर आंधळा होतो. आय आणि क्यू (सिग्नलचे ९० अंशांनी वेगळे दोन घटक; वरचा क्यू नव्हे) दोन्ही चॅनल वाचा, निदान २ मिमीच्या पायऱ्यांनी सगळी अंतरं तपासा.

आणि झीनरला रोजचा रेग्युलेटर समजू नका. ५ मिमीवर झीनरमध्ये १९ आणि रेग्युलेटरमध्ये १७ मिलिवॅट निव्वळ उष्णता जाते आहे. आयएसओ १४७०८-१ प्रमाणे इम्प्लांटचा पृष्ठभाग ३७ अंशांच्या वर २ अंशांपेक्षा जास्त तापू देत नाहीत. ब्रिजनंतरचं व्होल्टेज याच डेटात परत पाठवून प्रायमरीचा ड्राइव्ह उतरवा. तो लूप बिटपेक्षा खूप संथ ठेवा, नाहीतर तोच डेटा पुसेल.

ओली_तार:
पुढे हे ०.३ मिमी टायटॅनियमच्या डबीत घालायचं आहे.

मायक्रोहेन्री:
कॉइल डबीत घालू नका. ग्रेड २ टायटॅनियममध्ये १३.५६ ला स्किन डेप्थ ०.१ मिमी, आत काही पोचणार नाही. कॉक्लिअर इम्प्लांटप्रमाणे कॉइल डबीबाहेर सिलिकॉनमध्ये ठेवा आणि फीडथ्रूने (डबीच्या भिंतीतली हवाबंद वाट) तारा आत न्या. सिलिकॉन ओतण्याआधी तार चकाचक पुसा. सिलिकॉन वाफ अडवत नाही. चिकटलं नसेल तिथे पोकळीत पाणी साचतं आणि वेढ्यांमध्ये गळती सुरू होते.

आणि हो, सेकंडरीवर थेट स्कोपचा प्रोब लावत असाल तर काढा. प्रोबची कपॅसिटन्स तर येतेच, पण ग्राउंडची वायर दोन्ही बाजू जोडून टाकते आणि डेटा तिथूनच यायला लागतो. इम्प्लांटची बाजू पूर्ण तरंगती ठेवा, रीडिंग प्रायमरीजवळ धरलेल्या एका वेढ्याच्या लूपवरून घ्या.