बाथरूममधील गॅस गिझरचा धूर बाहेर कसा काढावा?

इंद्रायणीकाठ:
नमस्कार. पुण्यातील आमच्या जुन्या फ्लॅटचे बाथरूम पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि नऊ फूट उंच असून त्यात आठ वर्षांपासून सहा लिटरचा गॅस गिझर भिंतीवर आहे. काचेच्या पट्ट्यांची एकच खिडकी आहे, ती इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे मजल्यांमधून वर जाणाऱ्या उभ्या पोकळीत उघडते, आणि गार वारा लागतो म्हणून सासूबाई थंडीभर तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवून ठेवतात. गेल्या आठवड्यात त्या आंघोळ करून भिंतीला धरतच बाहेर आल्या. डोके जड झाले होते आणि मळमळत होते. पित्त असेल असे आम्ही धरून चाललो. दोन दिवसांनी माझ्या मुलालाही तसेच झाले, तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. गिझर दुरुस्त करणाऱ्याने एक्झॉस्ट पंखा बसवायला सांगितले आहे. तेवढे पुरेल का, की गिझरच्या वरच्या तोंडाला पाईप लावून तो डक्टमध्ये सोडावा?

पाना_पक्कड:
ताई, सर्वांत आधी तो गिझर आजच बंद करा आणि तूर्तास पाणी चुलीवर तापवा. मी बावीस वर्षे ही उपकरणे बसवत आलो आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: ज्या खोलीत माणूस दार लावून आंघोळ करतो, त्या खोलीत उघड्या ज्योतीचा गिझर असूच नये. तो ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघरालगतच्या छोट्या बाल्कनीत हलवावा आणि तेथून गरम पाण्याचा पाईप आत आणावा. एक्झॉस्ट पंखा हा धुराड्याला पर्याय नाही. दार-खिडकी बंद असताना पंखा खोलीतील हवा ओढतो, पण तिच्या जागी नवी हवा यायला वाट नसते. अशा वेळी धुराचा पाईप असलाच तर त्यातून धूर उलटा आत येऊ शकतो.

आता पाईपबद्दल. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त गिझरांना वर नुसत्या फटी असतात, पाईप बसवण्याचे गोल तोंड नसते. त्यांना पत्रा वाकवून पाईप जोडण्याचा खटाटोप करू नये. तोंड असेल तर त्याच मापाचा, धातूचा, आतून गुळगुळीत पाईप निदान दोन फूट सरळ वर नेऊन मगच वळवावा, कारण गरम धूर स्वतःच्या जोरावर वर चढतो आणि सुरुवातीलाच आडवे वळण दिले की तो अडतो. पीव्हीसी पाईप मुळीच नको. स्वयंपाकघरातील चिमणीचा वळ्यांचा पाईपही नको. त्याला झोळ पडतो, झोळात पाणी साचते आणि वाट बंद होते. डक्टमध्ये सोडणे तर चुकीचेच, कारण त्याच डक्टमध्ये वरच्या मजल्यांची बाथरूमे उघडतात. तुमचा धूर त्यांच्या घरात जाईल.

रसायन_शिक्षिका:
थोडा हिशेब मांडते. सहा लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण पाऊण ते एक किलो गॅस जाळतो आणि एक किलो गॅस नीट जळण्यासाठी सुमारे 12 घनमीटर हवा लागते. आपले बाथरूम सुमारे 9 घनमीटरचे आहे. म्हणजे वीस मिनिटांत तीन ते चार घनमीटर हवेतील प्राणवायू खर्च होतो, आणि घरातील माणसे एकामागून एक आंघोळीला जात असतील तर शेवटच्या माणसाच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते. प्राणवायू कमी पडला की निळी ज्योत लांबट व पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. ज्योत निळी दिसली म्हणून निर्धास्त राहू नये.

वास आला तर कळेलच, हा समजही घातक आहे. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम मिसळलेला उग्र वास ज्योतीत जळून जातो आणि कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. त्यासाठी वेगळा अलार्म मिळतो. गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत लावतात, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. कार्बन मोनॉक्साइडचे वजन मात्र जवळजवळ हवेइतकेच असते, म्हणून त्याच्या अलार्मला हे कारण लागू पडत नाही.

रात्रपाळी:
मी रुग्णालयात काम करते म्हणून एकच गोष्ट सांगते. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा 98 किंवा 99 दिसू शकतो, कारण रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड आणि प्राणवायू यांतील फरक त्या यंत्राला कळत नाही. त्यामुळे आकडा पाहून घरी थांबू नका, 108 वर फोन करा आणि रुग्णालयात गेल्या गेल्या ‘घरात गॅस गिझर आहे’ हे आपणहून सांगा. सासूबाईंना आणि मुलाला उद्याच डॉक्टरांकडे न्या.

इंद्रायणीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. सिलिंडर बंद करून गिझरचा पाईप काढला आहे आणि खिडकीवरचे वर्तमानपत्र सासूबाईंनी स्वतःच फाडून टाकले. उद्या सकाळी दोघांची तपासणी आहे. ड्राय बाल्कनीत जागा आहे, परंतु तिला आम्ही मागच्या वर्षी सरकत्या काचा बसवून घेतल्या आहेत. तरी चालेल का?

पाना_पक्कड:
काचा बंद असतील तर ती बाल्कनी राहत नाही, दुसरे बाथरूमच होते. गिझरच्या बाजूची काच काढून तेथे लोखंडी जाळी बसवा आणि बाल्कनीतून घरात उघडणारे दार गिझर चालू असताना लावून ठेवा. तसे जमत नसेल तर विजेचा गिझर घ्या.