सारख्या नावाच्या कंपनीने सहअस्तित्व करार पाठवलाय, सही करू का?

कोरी_पाटी
मंडळी, जरा घाईत विचारतेय कारण उत्तर द्यायला १८ दिवस उरलेत. आमचं मुलांसाठी वाचनाचं ॲप आहे, तीन वर्षं झाली, नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला तर एका जुन्या प्रकाशन कंपनीने हरकत घेतली. त्यांच्या आणि आमच्या नावात एका मात्रेचा फरक. ते मुलांची छापील पुस्तकं काढतात, आमचं फक्त ॲप. मला वाटलं संपलं, आता नाव बदलावं लागणार, दोन रात्री झोप नाही. पण त्यांच्या वकिलांनी उलट कोएक्झिस्टन्स ॲग्रीमेंटचा मसुदा पाठवला, म्हणजे नाव दोघांनीही वापरायचं, आपापल्या हद्दीत राहायचं. पैसे मागितलेले नाहीत. नऊ पानं आहेत, बाकी सगळं सरळ वाटतं, फक्त कलम ४ ला अडखळले:

"पक्ष ब सदर नाव केवळ मोबाइल ॲप्लिकेशनसाठी वापरेल आणि कोणत्याही स्वरूपातील पुस्तक वा प्रकाशनासाठी कधीही वापरणार नाही."

पक्ष ब म्हणजे आम्ही. आत्ता पुस्तकं काढत नाही त्यामुळे नवरा म्हणतो सही करून मोकळी हो. कुणी असे करार केलेत का?

तिसरा_बाक
एवढ्यात सही नको! "कोणत्याही स्वरूपातील" आणि "कधीही" हे शब्द परत वाचा. उद्या ॲपमधल्या गोष्टी ईबुक म्हणून दिल्या तर ते ॲप की पुस्तक? कुणी वाचून दाखवलेल्या दिल्या तर?

ॲपलचं प्रकरण बघा, मला वाटतं यातलं सगळं त्यात आहे. बीटल्सची कंपनी ॲपल कोर, आणि कॉम्प्युटरवाली ॲपल. १९७८ ला भांडण लागलं, १९८१ ला मिटलं, कॉम्प्युटरवाल्यांनी ८० हजार डॉलर दिले आणि ठरलं की तुम्ही संगीतात यायचं नाही, आम्ही कॉम्प्युटरमध्ये येणार नाही. त्या वेळी कुणाला वाटलं असेल की यात घोळ होईल? कॉम्प्युटर आणि गाणी, संबंध काय. मग कॉम्प्युटरमधून सूर वाजायला लागले आणि १९८९ मध्ये परत कोर्ट. १९९१ ला नवा करार झाला, त्यात २.६५ कोटी डॉलरच्या आसपास गेले. २००३ ला आयट्यून्स स्टोअर आलं आणि तिसऱ्यांदा कोर्ट. २००६ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने कॉम्प्युटर कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण १९९१ च्या करारात गाणी पोचवणाऱ्या सेवेवर नाव वापरायची मुभा ठेवलेली होती आणि कोर्टाच्या मते सफरचंद दुकानाचं होतं, गाण्यांचं नव्हे. म्हणजे ती एक मुभा होती म्हणून वाचले. शेवटी २००७ मध्ये सगळी नावं कॉम्प्युटर कंपनीकडे आणि त्यातली काही लायसन्सवर ॲपल कोरला परत, असं मिटलं.

तुमच्या मसुद्यात अशी मुभा कुठेच दिसत नाही.

शाई_सांडली
मी असा करार केलेला आहे. आमचा दोन पानांचा होता, समोरचे भले लोक होते, बोलून बोलून ठरवलं आणि सह्या केल्या, चार वर्षं काही अडचण नाही. मग त्यांनी धंदा विकला. नवीन मालक म्हणाले हा करार आम्ही केलेला नाही आणि आमच्या दोन पानांत "वारसदार आणि पुढील मालकांवर बंधनकारक" ही ओळच नव्हती!! ती एक ओळ नाही म्हणून आठ महिने वकिलाकडे चकरा मारल्या. तेव्हा पहिलं काम, ती ओळ आहे का बघा.

दुसरं म्हणजे ग्राहकांची गल्लत होतेच, कागदावर कितीही लिहा. त्यांच्या मालाची परत आलेली पार्सलं आमच्या दारात यायची, एकदा एका बाईंनी फोनवर मला पंधरा मिनिटं झापलं, माल त्यांचा. चुकून आलेली तक्रार किती दिवसांत कुणाला पाठवायची हे सुद्धा लिहून घ्या. आणि त्या नोंदी ठेवा, गल्लत वाढतेय की नाही हे त्यावरूनच कळतं.

कलमवाचक
ट्रेडमार्कचं काम रोज करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो, पण तुमचा मसुदा मी पाहिलेला नाही, तुमचा स्वतःचा वकील लागेलच.

आधी एक फरक. हे लायसन्स नाही, दोघंही आपापल्या नावाचे मालक राहतात, फक्त एकमेकांवर दावा करायचा नाही असं ठरतं. आणि दोघांनी सही केली म्हणजे नोंदणी होतेच असं नाही. अमेरिकेत तपशीलवार कराराला बरंच वजन देतात, पण तिथेही नुसतं "आमची हरकत नाही" एवढंच पत्र असेल तर फारसा उपयोग होत नाही. जपानने तर असं संमतीपत्र एप्रिल २०२४ पासूनच मानायला सुरुवात केली. त्यामुळे गल्लत *का* होणार नाही हे करारातच लिहा: वेगळा लोगो, वेगळा रंग, विकायची जागा वेगळी, नावापुढे एखादा जास्तीचा शब्द.

आणि फक्त क्लास नंबरवर हद्द आखू नका. ट्रेडमार्क नोंदणीत वस्तू-सेवांचे ४५ क्लास म्हणजे गट आहेत, ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे, पण डाउनलोड करायचं ॲप क्लास ९ मध्ये आणि डाउनलोड करायचं ईबुकही क्लास ९ मध्येच, छापील पुस्तक मात्र १६ मध्ये. म्हणजे तुमची हद्द नेमकी जिथे लागते तिथे क्लासची रेघ काही मदत करत नाही. कलम ४ मी असं फिरवून मागितलं असतं:

"पक्ष ब सदर नाव छापील पुस्तकांसाठी वापरणार नाही. ॲपमधील मजकूर, चित्र, आवाज वा यापुढे येणाऱ्या कोणत्याही डिजिटल स्वरूपात वाचकाला देणे हे पक्ष ब चे क्षेत्र मानले जाईल."

ते ऑडिओवर अडतील, तिथे घासाघीस होईल, होऊ द्या. "कधीही" च्या जागी दर पाच वर्षांनी दोघांनी बसून यादी तपासायची असं घाला.

इंटरनेटचं कलम वेगळं हवंच. जर्मनीची मर्क आणि अमेरिकेची मर्क, पहिल्या महायुद्धात फाटाफूट झालेल्या औषध कंपन्या, १९५५ आणि १९७० च्या करारांनी देश वाटून घेतलेले. तेव्हा वेबसाइट कुठे होत्या? वेबसाइट तर सगळ्याच देशांत दिसते. २०१६ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने ठरवलं की अमेरिकन कंपनीने करार मोडला. कुस्तीवाल्या डब्ल्यूडब्ल्यूएफचंही तसंच, पांडावाल्या निसर्गसंस्थेशी (तीही डब्ल्यूडब्ल्यूएफच) १९९४ मध्ये करार, आद्याक्षरं कुठे वापरायची यावर बंधन, ते पाळलं नाही. मग हे बंधन व्यापाराची गळचेपी आहे असं कोर्टात म्हणाले, कोर्टाने ऐकलं नाही, आणि २००२ मध्ये नाव बदलून डब्ल्यूडब्ल्यूई करावं लागलं. एकदा सही केलीत की "तेव्हा लक्षात आलं नाही" हे चालत नाही.

तिसरा_बाक
@कलमवाचक एक शंका, असं बाजार वाटून घेणं स्पर्धा कायद्यात बसतं का?

कलमवाचक
गल्लत टाळण्यासाठी असेल तर साधारण बसतं, नावाच्या आडून समोरच्याला बाजाराबाहेर ठेवायला असेल तर नाही. १९८५ चा युरोपियन कोर्टाचा निकाल आहे, बीएटी या बड्या तंबाखू कंपनीने स्वतः वापरतच नसलेल्या मार्कच्या जोरावर एका छोट्या डच उत्पादकाला करारात बांधलं होतं, कोर्टाने तो करार स्पर्धेला बाधक ठरवला. म्हणून कोरी_पाटी, तुमच्या समोरची कंपनी ते नाव ॲप किंवा ईबुकवर खरंच वापरते का हे आधी शोधा. नुसतं नोंदवून ठेवलं असेल तर बोलणी करताना तुमचं पारडं जड आहे.

कोरी_पाटी
किती आभार मानू कळत नाही. काल रात्री बसून शोधलं, त्यांचं एकही ईबुक नाही, ऑडिओ नाही, क्लास ९ मध्ये सहा वर्षांपूर्वी नुसती नोंद करून ठेवलीय! वकील धरली, तिनेही कलम ४ ला लाल रेघ मारली. पुढच्या मालकांवर बंधनकारक ही ओळ त्यांच्या मसुद्यात होती पण फक्त *आमच्या* पुढच्या मालकांवर, त्यांच्या नाही, हे मी तीनदा वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. नऊची अकरा पानं झाली आणि परत पाठवली.

कोरी_पाटी
अपडेट: उत्तर आलं. छापील पुस्तकं सोडायला आम्ही तयार, डिजिटल मजकूर आमचा हे त्यांनी मान्य केलं, दोन्हीकडच्या पुढच्या मालकांवर बंधनही मान्य. ऑडिओ मात्र त्यांना हवंय. वकील म्हणते की ॲपच्या आतला आवाज आमचा, ॲपबाहेर वेगळा विकायचा तो त्यांचा, असं सुचवू. सोमवारी कॉल आहे.

शाई_सांडली
ॲपच्या आत म्हणजे नेमकं काय ते पण लिहून घ्या हं, स्मार्ट स्पीकरवर तुमचं ॲप गोष्ट वाचतं तेव्हा ते आत की बाहेर?

कोरी_पाटी
अरे देवा, हे डोक्यातच आलं नव्हतं. लगेच तिला मेसेज केला.