मदत हवी आहे: अलाबामातली वंशावळ १८७० पाशी अडली

मंडळी, लेकीला शाळेसाठी घराण्याचा वंशवृक्ष काढायचाय. माझ्या बाजूचं काम एका फोनवर झालं. नाशिकच्या आमच्या उपाध्यांच्या वहीतल्या नऊ पिढ्यांचे फोटो मामानं पाठवले (बायकांची नावं जवळजवळ नाहीतच, ते असो). गाडी अडलीय नवऱ्याच्या बाजूला.

सासऱ्यांची आई जीज बेंडची, माहेरची पेटवे. माझ्या आईला हे कोकणातलं आडनाव वाटलं होतं! गाव विलकॉक्स काउंटीत, अलाबामा नदीच्या वळणात, तीन बाजूंना पाणी. इथल्या गोधड्या २००६ मध्ये अमेरिकी टपाल तिकिटांवर आल्या. त्या आजींची एक आमच्याकडे आहे, जुन्या ओव्हरऑलच्या (छातीपर्यंत येणारी कामाची विजार) पायांची. कापड विटलंय, पण खिसा उसवला तिथं गडद निळा चौकोन तसाच आहे.

घोळ असा की गावात जो तो पेटवे. आडनाव मालकाचं. जोसेफ जीनं १८१६ च्या सुमारास तिथं कापसाचा मळा थाटला. १८४५ मध्ये तो कर्जापोटी मार्क पेटवेकडे गेला. पेटवे नॉर्थ कॅरोलिनाच्या हॅलिफॅक्स काउंटीतला. त्याची शंभरेक गुलाम माणसं तिथून पायी चालत अलाबामात आली. त्यामुळे आडनाव जुळलं म्हणून नातं जुळत नाही.

१८७० च्या जनगणनेत आजींचे आजोबा सापडले, वय ४. त्याच घरात त्यांची आई, वय ४०, जन्म नॉर्थ कॅरोलिना. शिवाय एक २२ वर्षांची बाई, जन्म अलाबामा. म्हणजे ती आई सोळाव्या वर्षी चालत आली असेल ना? की आधीच जींकडे होती? मागं जावं तर १८६० च्या गुलामांच्या यादीत मालकाचं नाव आणि खाली नुसती वयं, स्त्री की पुरुष, रंग. पुढं कसं जायचं?

प्रतिसाद १:
ताई, आधी एक थांबा. १८७० च्या जनगणनेत नात्याचा रकानाच नव्हता. चाळीशीची बाई आई कशावरून? बावीसची आई आणि ही आजीही असू शकते. नातं १८८० पासून लिहायला लागले, त्यात आईवडिलांचं जन्मस्थानही आहे. ते आधी बघा. वयावर फार विसंबू नका, ४० हा आकडा अंदाजे सांगितलेलाच असतो. घरात पुरुष असेल तर १८६७ ची मतदार नोंदणी बघा, तीत नुकतेच मुक्त झालेले पुरुष नावानिशी आहेत. त्याच्या मागं जायचं तर माणसांचा नाही, मालकाचा माग काढायचा. मालक मेला की इस्टेटीची यादी व्हायची. बैल, नांगर आणि माणसं एकाच कागदावर, किमतीसकट. माणसांची पहिली नावं तिथं सापडतात. हॅलिफॅक्सचे जुने कागद नॉर्थ कॅरोलिनाच्या राजधानीत, रॅलेच्या राज्य अभिलेखागारात विचारा.

धागाकर्ती:
अगं बाई, रकान्याचं लक्षातच आलं नव्हतं! १८८० ची पानं आत्ताच उघडली. पोरगा चौदाचा हवा. त्याच नावाचे, तेरा ते पंधरा वयाचे तीन पेटवे आहेत, आणि एकाचं आडनाव ‘पेटअवे’ लिहिलंय. त्याच्या घरची बाई ‘आजी’ म्हणून नोंदलीय. रॅलेला कुणी राहतं का इथलं?