नेट ही चैन आहे की गरज?

पाणी-वीज ही गरज, नेट म्हणजे रिकामटेकड्यांची करमणूक, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. नाशिक शहरात गंगापूर रोडला बसून तसं वाटणं सोपं आहे. जरा जिल्ह्यातल्याच पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांकडे जाऊन बघा. रेशनच्या दुकानात पॉस मशीनवर अंगठा टेकवायचा आणि रेंज नाही म्हणून बाई ताटकळत उभी. दुकानदार मशीन हातात घेऊन ओट्यावर येतो, तिथून रस्त्यावर, आणि अख्खी रांग त्याच्या मागे. धान्य आत पोत्यात पडलेलं असतं, तरी पावती निघेपर्यंत मिळत नाही.

शेतकऱ्याचंही तेच. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच आपल्या पिकाची नोंद करणं, मोबाईलवर आली. पिकाचा फोटो बांधावर काढाल, पण तो वर चढवायला नेट लागतंच. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर नुकसानभरपाईला खेटे घाला.

म्हणजे सक्ती सरकारनेच केली, मग पोहोचवायची जबाबदारी कोणाची? केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच इंटरनेट हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. फिनलंडने तर २०१० मध्येच किमान १ एमबीपीएस वेगाच्या इंटरनेटचा कायदेशीर हक्क दिला.

फुकट द्या असं मी म्हणत नाही. पण जिथे रेंज नाही तिथे कागदावरची नोंद चालू ठेवा, आणि नेट नाही म्हणून कुणाचं रेशन अडवू नका.